धातूवर आरशासारखी चकाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरातील पितळी समई उजळू पाहणाऱ्यांसाठी तसेच छोट्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांना पॉलिश करणाऱ्यांसाठी लिहिले आहे. बहुतेक उदाहरणे पितळ आणि तांब्याची आहेत. स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि चांदी यांच्या बाबतीत पद्धत जिथे बदलते, तिथे ते स्वतंत्रपणे सांगितले आहे.

पॉलिश म्हणजे धातूवर नेमके काय लावतात?

काहीही लावत नाहीत. उलट धातूच्या अंगावरचे काहीतरी काढून टाकतात. धातूचा पृष्ठभाग मळकट दिसतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे त्यावर चढलेला ऑक्साइडचा थर आणि दुसरे म्हणजे असंख्य ओरखडे, जे प्रकाश सरळ परत न पाठवता चारी दिशांना विखुरतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. ओरखडे याहून बरेच उथळ झाले, की ते डोळ्यांना जाणवेनासे होतात आणि भांड्यात चेहरा दिसू लागतो. त्यामुळे पॉलिशचे सगळे काम म्हणजे मोठा ओरखडा काढून त्याच्या जागी त्याहून लहान ओरखडा पाडणे आणि हे दिसेनासे होईपर्यंत करत राहणे. बाटलीतले पॉलिश किंवा बफिंगची, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर लावून घासायची, वडी ही या साखळीतली शेवटची कडी आहे. आधीच्या कड्या गाळून केवळ तिच्या भरवशावर काम करणाऱ्याच्या हाती चकचकीत ओरखडे येतात.

कोणत्या नंबरच्या पेपरने सुरुवात करावी?

पेपर म्हणजे सँडपेपर; त्याचा नंबर जितका मोठा, तितके त्यावरचे कण बारीक. वस्तूवरील सर्वांत खोल ओरखडा ज्या नंबरने निघतो त्या नंबरने, त्याहून जाड कणांच्या पेपरने नाही. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर १८० किंवा २२० नंबरपासून सुरुवात करावी लागते. कानशीचे किंवा ओतकामाचे खडबडीत वळ असतील तर १२० पासून. नख सहज घसरत असेल तर ४०० पुरेसा होतो, आणि वस्तू केवळ काळवंडलेली असेल तर पेपर मुळीच लावू नये. बुडाजवळच्या, सहसा नजरेस न पडणाऱ्या जागी रुपयाएवढा भाग आधी करून पाहिला तर पुढचे अनेक तास वाचतात.

पेपरच्या पाठीवरील नंबरापुढे ‘पी’ हे अक्षर आहे की नाही, हेही पाहावे. पी असलेल्या युरोपीय मोजपट्टीत २४० नंबरचा कण सुमारे ५८ मायक्रॉन, ४०० चा ३५, ८०० चा २२, १२०० चा १५ आणि २००० चा सुमारे १० मायक्रॉन असतो. पी नसलेल्या अमेरिकन मोजपट्टीत मात्र ६०० चा कण जवळजवळ पी १२०० एवढा बारीक असतो. दोन्ही प्रकारचे पेपर एकाच खणात ठेवणाऱ्यांच्या कामात ‘मध्येच कुठून तरी’ ओरखडे उगवतात, त्याचे कारण अनेकदा हेच निघते.

मधला एखादा नंबर गाळला तर चालतो का?

चालतो, पण एखादाच, आणि तोही वरच्या टप्प्यात. ८०० वरून थेट १२०० वर जाता येते. २२० वरून थेट ८०० वर जाणे मात्र तोट्याचे आहे. ८०० चा पेपर २२० च्या चराचा तळ गाठायला इतका वेळ घेतो, की तेवढ्यात ३२०, ४०० आणि ६०० हे तिन्ही आरामात झाले असते. शिवाय तो तळ बहुतेक वेळा गाठलाच जात नाही, कारण माणूस त्याआधी कंटाळतो.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदलणे. ४०० ने उभे घासले असेल तर ६०० ने आडवे घासावे आणि उभी एकही रेघ उरली नाही याची खात्री पटेपर्यंत थांबू नये. खात्री करताना दिवा डोक्यावर नसावा. खिडकीशी उभे राहून वस्तू तिरक्या उजेडात धरावी. सपाट वस्तूवर मार्कर पेनने आडव्यातिडव्या रेघा मारल्या तर पेपर कुठे पोचतच नाही, हेही कळते. उभी रेघ दिसेनाशी झाल्यानंतरही त्याच नंबरने आणखी थोडे घासावे, कारण चराच्या काठावरचा धातू तळाशी दबून तो चर तात्पुरता झाकला गेलेला असू शकतो आणि बफिंगच्या वेळी नेमका तोच पुन्हा उघडा पडतो.

१२०० नंतर एखादी ठळक रेघ दिसली, तर ती १२०० ची नसते, मागे कुठेतरी राहून गेलेली असते. तिच्यासाठी दोन-तीन नंबर मागे जावे लागते. हे सांगितलेले कोणालाच आवडत नाही, आम्हालाही आवडत नाही. पण १२०० चाच पेपर त्या एका रेघेवर दाबून घासला तर रेघेच्या जागी खळगा पडतो, आणि चकाकी आल्यावर तो खळगा रेघेपेक्षा अधिक उठून दिसतो.

प्रत्येक नंबरनंतर वस्तू आणि हात धुऊन घ्यावेत, पाणी बदलावे आणि फडकेही बदलावे. २२० चा एक कण नखाच्या कोपऱ्यात राहून १५०० च्या टप्प्यावर आला, तर तो अर्ध्या तासाचे काम एका फटक्यात नासवतो.

कोरडे घासावे की ओले?

३२० च्या पुढे ओले. काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो आणि त्याचा कागद व डिंक पाण्यात टिकतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले तर निघालेली पूड वाहून जाते आणि पेपर भरत नाही. अ‍ॅल्युमिनियमला पाण्यापेक्षा रॉकेल चांगले, कारण हा मऊ धातू पेपरला चिकटून बसतो. मात्र रॉकेल वापरताना खोली हवेशीर असावी आणि जवळपास ठिणगी उडवणारे काम चालू नसावे.

पेपर बोटांनी धरावा की ठोकळ्यावर?

सपाट भागासाठी ठोकळा अनिवार्य आहे. बोटांचा दाब सारखा नसतो. त्यामुळे पृष्ठभागावर लाटा उठतात, कडा गोल होतात आणि चकाकी आल्यावर त्यातले प्रतिबिंब जत्रेतल्या आरशासारखे वाकडेतिकडे दिसते. काम ओले असल्याने कडक रबराचा ठोकळा उत्तम, अन्यथा गुळगुळीत लाकडाचा.

समईचा दांडा ही निराळी गोष्ट आहे. तेथे एमरी कापडाची, म्हणजे घर्षक पूड चिकटवलेल्या कापडाची, बोटभर रुंद पट्टी कापून ती दांड्याभोवती घ्यावी आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढावीत, अगदी बूटपॉलिशवाला फडके ओढतो तशी. कंगोऱ्यांच्या खाचांमध्ये बांबूची चपटी काडी टोकाशी तासून तिच्यावर पेपर गुंडाळून घालावा. नक्षीच्या तळाशी मात्र पेपर नेऊच नये. तेथे जुना टूथब्रश आणि पॉलिशची पेस्ट पुरते, आणि तळाशी थोडा काळेपणा उरला तर नक्षी अधिक उठून दिसते.

बफिंगसाठी कोणते चाक आणि कोणती वडी घ्यावी?

बफिंगचे दोन टप्पे आहेत आणि दोघांची चाके वेगळी असतात. पहिल्या टप्प्यात पेपरचे शेवटचे ओरखडे कापून काढायचे असतात. त्यासाठी दाट शिवण मारलेले सुती चाक घेतात, आणि स्टीलसारख्या कठीण धातूला त्याच्याही आधी सायझलचे, म्हणजे घायपाताच्या धाग्याचे चाक लावतात. दुसऱ्या टप्प्यात फक्त झळाळी आणायची असते. त्यासाठी मध्यभागीच शिवलेले, मोकळ्या पदरांचे मऊ सुती चाक लागते.

वड्यांमध्ये मेण किंवा चरबीत घोळलेली घर्षक पूड असते. तपकिरी ट्रिपोली पितळ, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पहिल्या टप्प्यासाठी वापरतात. पांढऱ्या वडीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइड असते. या दोन्ही स्टेनलेस स्टीलच्या झळाळीसाठी उपयोगी पडतात. लाल वडी, म्हणजे रूज, हे आयर्न ऑक्साइड असून ते सोने, चांदी आणि पितळाच्या शेवटच्या हातासाठी असते. रंगांचे संकेत सर्वच उत्पादक तंतोतंत पाळत नाहीत, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावा.

एका चाकाला एकच वडी, हा नियम मोडू नये. ट्रिपोली लावलेल्या चाकाला नंतर रूज लावले तरी ते चाक ट्रिपोलीसारखेच कापत राहते. चाकावर मार्करने वडीचे नाव लिहून ते वेगळ्या पिशवीत ठेवावे. वडी फिरत्या चाकाला क्षणभर टेकवली की पुरे. जास्त लावली तर ती कापत नाही, वस्तूवर काळ्या चिकट पट्ट्या मात्र उठतात. चाक कडक आणि चकचकीत झाले असेल, तर जुन्या करवतीच्या पात्याचे दाते त्यावर हलकेच धरून ते मोकळे करावे.

मशीनचा वेग किती असावा?

मोटरच्या फेऱ्यांपेक्षा चाकाच्या कडेचा वेग महत्त्वाचा असतो. आपल्याकडचे साधे बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतात. त्यावर १५० मिलिमीटरचे चाक लावले तर कडेचा वेग मिनिटाला सुमारे १३०० मीटर येतो आणि २०० मिलिमीटरचे लावले तर सुमारे १७५० मीटर. पितळाला हे दोन्ही चालतात. कठीण स्टीलला मोठे चाक बरे. ड्रिल मशीनवर ७५ मिलिमीटरचे चाक लावले तर हाच वेग ६५० च्या आसपास राहतो. काम होते, पण सावकाश होते.

हँड ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर वाटेल ते कापडी चाक चढवू नये. चाकावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून जास्त असेल तरच ते लावावे, अन्यथा चाक फाटून उधळते.

बफिंग करताना कोणती काळजी घ्यावी?

कापडी चाक मऊ दिसते म्हणून ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात पॉलिशच्या कामात सर्वाधिक दुखापती तेच करू शकते, कारण ते वस्तू पकडते आणि फेकते. चाकाचा पुढचा भाग खाली जाईल अशा दिशेने ते फिरत असावे आणि वस्तू नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या खाली, आपल्याकडील चतुर्थांश भागावर टेकवावी. वस्तूची वरची धार चाकाच्या तोंडी देऊ नये. मध्यापासून सुरुवात करून खालच्या कडेकडे सरकावे आणि चाक कडेवरून बाहेर उतरेल असे धरावे. मग वस्तू उलटी करून दुसरा अर्धा भाग घ्यावा. साखळी हातात धरून चाकाला कधीही लावू नये.

ओढणी, पदर, सैल बाही, अंगठी, घड्याळ आणि मोकळे केस यांना या यंत्राजवळ जागा नाही. कापडी हातमोजेही घालू नयेत, कारण चाक मोज्यासह बोट ओढते. वस्तू हाताला पोळू लागली तर ती पाण्यात बुडवून थंड करावी. चष्मा आणि एन-९५ मास्क लावावा. ट्रिपोलीमध्ये सिलिका असते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षे साचत गेली तर सिलिकोसिस होतो. खराद मशीनवर सहज कापले जावे म्हणून पितळात अनेकदा शिसे मिसळलेले असते, तेव्हा काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये.

अ‍ॅल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ हवेत उडाली तर स्फोटक ठरते. ज्या यंत्रावर लोखंड घासून ठिणग्या उडतात, त्याच यंत्रावर आणि त्याच धूळपेटीत अ‍ॅल्युमिनियमचे काम करू नये.

चिंचेने घासल्यावर पितळ गुलाबी का दिसते?

पितळ हा तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. चिंच, लिंबू, कोकम किंवा आंबट ताक यांतील आम्ल काळा थर विरघळवते, तो भाग चांगलाच. परंतु आम्ल तसेच राहू दिले तर ते पुढे जस्तालाही ओढून काढते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. तोच तो गुलाबी डाग. रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलेली निरांजने सकाळी अशी चट्ट्यापट्ट्यांची निघतात. हा डाग धुऊन जात नाही, तो घासूनच काढावा लागतो; डाग उथळ असेल तर पॉलिशची पेस्ट पुरते, नाहीतर ८०० पासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

चिंच आणि मीठ लावून दोन-चार मिनिटांत चोळून धुणे, लगेच साबणाच्या पाण्यातून काढणे आणि तत्काळ कोरडे करणे, एवढेच करावे. देव उजळण्याची ही पद्धत उत्तम आहे, पण ती साफसफाई आहे, पॉलिश नाही. तिने ओरखडे जात नाहीत. विटेची पूड, राख किंवा रांगोळी मात्र आरशासारख्या पृष्ठभागावर वापरू नये. त्यांचे कण एकसारखे चाळलेले नसतात, आणि त्यांतील एखादा जाड कण बाकीच्यांच्या कामावर पाणी फिरवतो.

कल्हई केलेले भांडे आतून पॉलिश करता येईल का?

नाही. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर असतो आणि तो पेपरने किंवा बफने निघून जातो. तो निघाल्यावर त्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. बाहेरून हवे तेवढे उजळावे, तेही थंड भांड्यावर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे पातळ पत्र्याच्या भांड्यावर बफ एका जागी दाबून धरू नये.

तांब्याच्या ठोक्याच्या भांड्यांना बफ लावावा का?

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही मठारकाम चालते. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ठोके देत पत्रा घट्ट करत नेतात आणि प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चकचकीत पैलू उमटतो. ही चकाकी घासून नव्हे, तर दाबून आणलेली असते. तिच्यावर कडक चाक चालवले तर पैलूंच्या कडा बोथट होतात आणि भांडे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, निर्जीव दिसते. आमच्या मते अशा भांड्याला बफ लावूच नये. मऊ कापड आणि पेस्ट पुरेशी आहे.

स्टेनलेस स्टीलला वेगळे काय करावे लागते?

स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून एक अदृश्य थर तयार करते आणि तोच थर गंज रोखतो. साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश किंवा लोखंडावर वापरलेला पेपर या स्टीलवर घासला, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि काही दिवसांत तांबूस ठिपके उमटतात. लोक मग स्टील ‘डुप्लिकेट’ असल्याची तक्रार करतात. स्टीलसाठी वेगळे पेपर, वेगळी चाके आणि वेगळा कोपरा ठेवावा.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. ३०४ प्रतीचे स्टील तांब्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढीच उष्णता वाहून नेते, त्यामुळे चाक एका जागी थांबले की तेथे पिवळट किंवा निळसर छटा येते आणि पातळ पत्रा वाकतो. हात सतत फिरता ठेवावा. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात बाहेर बसवायच्या कठड्यासाठी मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत बरी, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइड ३०४ ला टोचे पाडते. आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग अशा हवेत खडबडीत पृष्ठभागापेक्षा अधिक टिकतो.

अ‍ॅल्युमिनियम घासूनही धुरकटच का राहते?

बहुधा ते अ‍ॅनोडाइज केलेले, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेले असते. तो थर धातूपेक्षा कितीतरी कठीण असून तो काढल्याशिवाय खालचा धातू चमकत नाही. थर नसेल, तर दाब जास्त पडतो आहे असे समजावे. ओतीव भागांमध्ये हवेची बारीक छिद्रे असतात. जसजसे घासावे तसतशी नवी छिद्रे उघडी पडतात, आणि तेथे थांबणे हाच उपाय असतो. कॉस्टिक सोड्याने साफ करण्याचा मोह टाळावा. तो अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो.

चांदीच्या वस्तूंचे काय?

काळेपणा हा सिल्व्हर सल्फाइडचा असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर वस्तू ठेवून वर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला, की गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी वस्तूवरच राहते. घासताना ती थोडी थोडी झिजली असती. मोती किंवा खडे बसवलेल्या, तसेच मुद्दाम काळ्या केलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना हे करू नये. चांदीचा मुलामा असलेल्या वस्तूला बफ लावू नये.

नाव घातलेल्या जुन्या भांड्यांना किंवा नाण्यांना पॉलिश करावे का?

नाण्यांना कधीही नाही. संग्राहक घासलेले नाणे कमी किमतीला घेतात. भांड्यांबाबत आमचा अनुभव सांगतो. लग्नात आलेल्या एका पितळी तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी ‘मावशीकडून सप्रेम भेट’ आणि तारीख घातलेली होती. तो तांब्या आम्ही उत्साहाने ट्रिपोलीच्या चाकावर धरला. तांब्या लखलखीत झाला, पण मजकुरातील ‘सप्रेम’ पुसट झाले आणि तारखेतला शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे आता कोणालाच सांगता येत नाही. तेव्हापासून अक्षरांच्या आसपास दोन बोटे जागा आम्ही हातानेच, मऊ कापडाने आणि अक्षरांच्या ओळीच्या दिशेने करतो. कापड ओळीला आडवे फिरवले की ठिपक्यांच्या कडा गोल होत जातात.

बफिंगनंतर उरलेला काळा, तेलकट थर कसा काढावा?

गरम पाणी आणि साबण. खाचांत मऊ ब्रश. मेण हट्टी असेल तर आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसावे. धुतल्यावर वस्तू लाकडाच्या कोरड्या, बारीक भुशात घोळवली तर खाचांतील पाणीही शोषले जाते आणि डाग पडत नाहीत.

चकाकी किती दिवस टिकते, आणि लॅकर लावावे का?

उघड्या पितळावर बोटांचे ठसे एक-दोन दिवसांत उमटू लागतात. पावसाळ्यात त्याहूनही लवकर. शेवटचा हात झाल्यावर वस्तू सुती मोज्याने उचलावी आणि तिच्यावर मेणाचे पातळ बोट फिरवून ते पुसून घ्यावे. कपाटातल्या वस्तूला एवढे पुरते. पारदर्शक लॅकर शोभेच्या वस्तूला चांगले, मात्र ते लावण्याआधी वस्तू थिनरने पूर्ण तेलमुक्त केलेली असावी. खाण्यापिण्याच्या भांड्यांना आणि पेटणाऱ्या समईच्या वाटीला ते लावू नये, कारण उष्णतेने ते करपते.

जुन्या लॅकरखाली काळे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पडले असतील, तर वरून कितीही घासून उपयोग होत नाही. डाग लॅकरच्या खाली असतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटे ठेवून लॅकर पूर्ण उतरवावे, जवळ ज्योत नसावी, आणि मग उघड्या धातूवर नख फिरवून कोणत्या नंबरपासून सुरुवात करायची ते ठरवावे.